पाठटाचणाची वही

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत कपाट आवरू लागले, की एखादी पाठटाचणाची वही हमखास हाती लागते. अशी एक वही आम्ही नुकतीच पाहिली. वही आईची; आता ती मुलीच्या मेजावर आली आहे, कारण मुलगीही बी.एड. करीत आहे. एका पानाच्या समासात निरीक्षकांनी तांबड्या शाईने सुचविले आहे की, प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करण्यास अवकाश द्यावा.

माध्यमिक शिक्षक घडविण्याचे कार्य या नगरीत जुनेच. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले शिकू लागली म्हणजे आज ना उद्या वरच्या वर्गांसही शिक्षक हवेतच. १९३५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच महाविद्यालयातून पुढे शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा उभी राहिली. येथील शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्र १९६३ चे, प्रा. एम. बी. बुच यांनी संपादिलेला भारतीय शैक्षणिक संशोधनाचा आढावा १९७४ साली येथूनच प्रसिद्ध झाला.

आम्हांस मात्र अधिक मोलाचे वाटते ते सूक्ष्म अध्यापन. मूळ कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाची. तिला भारतीय रूप देण्यात बडोद्याचाही वाटा आहे. पाठ अवघ्या सहा मिनिटांचा, कौशल्य एकच. समजा, प्रश्न विचारणे. विद्यार्थी म्हणून समोर बसतात ते सहाध्यायीच. पुढील सहा मिनिटे अभिप्राय, बारा मिनिटे नवी आखणी, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि पुन्हा तेवढाच वेळ अभिप्राय. छत्तीस मिनिटांत आपली चूक आपल्या पदरी दोनदा पडते. मोठ्या व्याख्यानाने हे साधत नाही.

आईची पदवी एका वर्षात झाली होती. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यातील सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष शाळेत काढावयाचे. पदवी मिळाली तरी गुजरातेत सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांतील नेमणुकीसाठी ‘टाट’ परीक्षा आहेच. मध्यम स्थितीच्या घरास मिळकतीचे एक वर्ष सोडणे सोपे नव्हे. हे वर्ष वर्गात शिकविण्यात गेले तर ते सार्थ म्हणू. पण कित्येक ठिकाणी प्रशिक्षणार्थींना गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळावयास बसवितात, तेथे काय शिकणार?

या मुलीचे टाचण गुजरातीत असते, मनातली जुळवाजुळव मराठीत. परवा आम्ही गेलो तेव्हा बैठकीच्या खोलीत तिचा सहा मिनिटांचा पाठ चालला होता. आई आणि आजोबा विद्यार्थी. तिने प्रश्न विचारला, क्षणभर थांबली, आणि आजोबा तोंड उघडणार तोच उत्तर स्वतःच सांगून मोकळी झाली. आईने घड्याळ उचलले व पाठ पुन्हा पहिल्यापासून घ्यावयास सांगितले.