आजारानंतरचे मौन

ज्या अवयवाला चारचौघांत उच्चारता येईल असे नाव नसते, त्याच्या व्यथेलाही वाचा फुटत नाही. मी जन्मभर भाषा शिकविली. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु संकेश्वर-निपाणीकडील स्त्री 'अंग बाहेर येतं' एवढेच बोलून थांबते, तेव्हा प्रश्न भाषेचाही होतो.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तिला श्रोणितल म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ती आधार देते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखला तर स्त्री वाचते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखविले. पण वाचल्यानंतरच्या आयुष्याचे काय? मोठ्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या नसा दुखावू शकतात. किरणोपचाराने ऊती ताठर होतात, योनिमार्ग आखडतो. मग खोकताना लघवी सुटते, शरीरसंबंध वेदनामय होतो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि जड ओझी हा भार आणखी वाढवितात. ती स्त्री पाणी पिणे कमी करते, एस.टी.चा प्रवास टाळते, लग्नकार्याला जात नाही. आणि घरच्यांना वाटते, आजाराने ती अबोल झाली.

यावर उपाय आहेत. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या स्नायूंच्या व्यायामाची मांडणी केली. आपल्या हठयोगातील मूलबंधही याच भागाच्या आकुंचनाचा आहे. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू काही क्षण आवळावेत व तितकाच वेळ सैल सोडावेत; मात्र प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये. किरणोपचारानंतर काहींचे स्नायू मुळातच आवळलेले असतात. त्यांना आधी ते सैल सोडणे शिकावे लागते. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच आरंभ करावा. पुन्हा रक्तस्राव झाला किंवा लघवीतून रक्त गेले, तर व्यायामावर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

शाळेच्या या व्यासपीठावरून मी एवढेच मागतो: मुलींना या अवयवाचे नाव शिकवा, मुलांनाही शिकवा. आई ज्या दुखण्याविषयी बोलू शकली नाही, त्याविषयी लेकीने तरी डॉक्टरांना न संकोचता विचारावे.