फोटोमागची भिंत

आजचा विषय रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो, पण आपण त्याच्याकडे नीट बघत नाही. क्रिकेटचा सामना संपतो, कर्णधार माइकसमोर येतो. मराठी सिनेमाचा ट्रेलर येतो, कलाकार ओळीनं उभे राहतात. दोन्ही फोटोंत मागे एकच गोष्ट असते: छोट्या छोट्या लोगोंनी भरलेला पडदा. आपण त्याला बॅकड्रॉप किंवा सरळ बॅनर म्हणतो. धंद्यात त्याला ‘स्टेप अँड रिपीट’ असंही म्हणतात.

हे नाव छपाईतलं आहे. एका तावावर एकच लेबल अनेकदा छापायचं, तर तीच निगेटिव्ह थोडी थोडी सरकवत प्लेटवर पुन्हा पुन्हा उमटवत. एक पाऊल सरकायचं, तेच परत उमटवायचं. टपाल तिकिटांचा न फाडलेला ताव आठवा, म्हणजे लक्षात येईल.

आता कुणी विचारेल, एकच मोठा लोगो का नाही लावत? कारण साधं आहे. मधोमध माणूस उभा राहिला की अक्षरं झाकली जातात. शिवाय फोटो जसाच्या तसा वापरला जातो कुठे? वर्तमानपत्र उभा कापतं, चॅनेल आडवा, मोबाइलवर चौकोनी. म्हणून लोगो साधारण वीतभर रुंदीचा ठेवतात आणि एकाआड एक ओळ अर्ध्या घरानं सरकवतात. गवंडी विटांची सांधेमोड करतो ना, तसंच. मग नुसता चेहरा आणि खांदे एवढाच फोटो ठेवला, तरी कानाशेजारी एखादा लोगो अख्खा सापडतोच.

बाकीची व्यवस्थाही त्याच हिशेबानं असते. चकचकीत फ्लेक्सवर फ्लॅश पडला की पांढरा डाग येतो आणि नाव पुसलं जातं, म्हणून मॅट कापड. माणूस पडद्याला चिकटून उभा राहिला तर त्याची सावली लोगोवर पडते, फार पुढे आला तर लोगो धूसर होतो. म्हणून तीन-चार फुटांवर उभं राहायला सांगतात. म्हणजे बघा, पैसे पडद्याचे नसतात. पैसे फोटोचे असतात.

२०२१ च्या जूनमधली गोष्ट बघू. युरो फुटबॉल स्पर्धेत बुडापेस्टला पत्रकार परिषद होती. क्रिस्तियानो रोनाल्डोनं समोरच्या कोका-कोलाच्या दोन बाटल्या बाजूला सरकवल्या आणि पाण्याची बाटली उचलून दाखवली. जगभर चर्चा झाली. पुढे ‘युएफा’ला संघांना प्रायोजकांबद्दलच्या जबाबदारीची आठवण करून द्यावी लागली. पण बाटली हातानं सरकवता येते, मागची भिंत नाही. ती खेळाडूलाही हलवता येत नाही, आणि फोटो छापणाऱ्या संपादकालाही कापून टाकता येत नाही. ती रचलेलीच तशी असते.

यात आपला, म्हणजे बघणाऱ्यांचा, काय संबंध? वर्तमानपत्रात पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं लिहितात, निदान लिहावं अशी आपली अपेक्षा असते. बातमीच्या फोटोवर तसं कुणी लिहीत नाही. लिहिणार तरी कसं, बातमी खरीच असते! पण तिच्यासोबत एक नाव आपल्या घरात येतं, तेही आपल्या आवडत्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून.

आणि काही नावांची जाहिरात करायला कायद्यानं मनाई आहे. आपल्याकडे २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातलं पाचवं कलम प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, दोन्ही जाहिरातींवर बंदी घालतं, प्रायोजकत्वावरही. तरी दारूच्या नावाचा सोडा किंवा तंबाखूच्या नावाची वेलची पुढे करून नाव लोकांसमोर ठेवायची वाट काढली जाते. अशा नावाला तर हा पडदा फार सोयीचा. तिथे वस्तू दाखवावी लागत नाही, दावा करावा लागत नाही. नाव दिसलं, काम झालं.

म्हणून एक सोपी सवय लावून घेऊ. असा फोटो समोर आला की माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि उरलेलं वाचायचं. मग विचारायचं: हे नाव इथे का आहे, आणि ते उघडपणे जाहिरात करू शकतं का? मुलांबरोबर करून बघा, ती आपल्यापेक्षा लवकर ओळखतात.