सव्वापाच एकरांतला खटाटोप

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतला परीकथेचा किल्ला ठरलेला असतो. निमुळते मनोरे, खंदकात निळं पाणी, साखळ्यांनी उचलला जाणारा पूल आणि सगळ्यात वरच्या खिडकीत राजकन्या. हे चित्र बहुतांशी जर्मनीतून आलं. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानं १८६९ मध्ये नॉइश्वानस्टाइनचं बांधकाम काढलं, तेव्हा त्याची पहिली कल्पनाचित्रं क्रिस्टियान यांक या नाटकांचे देखावे करणाऱ्या चित्रकारानं काढली होती. शत्रूला अडवायचं काम त्या किल्ल्याकडे कधीच नव्हतं. १८८६ मध्ये राजा वारला आणि सातच आठवड्यांत तो लोकांना पाहायला खुला झाला. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५५ साली उभा राहिलेला किल्ला तर जेमतेम ७७ फुटांचा आहे. वर जाताना दगड लहान लहान करत नेल्यामुळे तो आहे त्याहून कितीतरी उंच भासतो.

धरणगावच्या मुलांना खंदकाचा आणि उचलत्या पुलाचा खराखुरा किल्ला पाहायचा तर एरंडोलवरून पुढे पारोळ्याला जायचं. तासाभराचा रस्ता. थंडीच्या दिवसांत सुटीच्या सकाळी तिकडे जाणाऱ्या अशाच एका कुटुंबात आजी होती, मुलगा-सून होते, दोन नातवंडं होती आणि मुलांचा मामा होता. मामा गवंडीकाम करणारा, घरं बांधण्यात हात मुरलेला मिस्त्री. त्याच्यामुळे त्या दिवसाला वेगळंच वळण लागलं. बाकीचे किल्ला बघत होते आणि मामा तो कसा बांधला ते बघत होता.

पारोळ्याचा किल्ला डोंगरावर नाही. गावाच्या मध्यात, बाजारपेठेला भिडलेला हा भुईकोट आहे. हातगाड्या, दुकानं, रिक्षा यांच्या गर्दीतून वाट काढत पुढे गेलं की एकदम काळपट दगडाचे गोल बुरूज समोर येतात. १७२७ च्या सुमारास हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारानं तो बांधला, असं मानलं जातं. पन्नास घरांच्या खेड्याचं तटबंदीचं शहर केलं तेही त्यानंच. जहागीरदार नेवाळकर, झाशीचं राजघराणंही त्याच नेवाळकरांचं. त्यामुळे पारोळ्यात राणी लक्ष्मीबाईंचं नाव आपल्या घरातल्या माणसासारखं घेतलं जातं. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींनी या किल्ल्याला खानदेशातल्या त्या प्रकारच्या बांधकामाचा उत्तम नमुना म्हटलं आहे. लांबी ५२५ फूट, रुंदी ४३५ फूट. वडिलांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि शेतकऱ्याच्या हिशेबात सांगितलं, "सव्वापाच एकर."

एवढ्याशा जागेला एवढी तटबंदी कशासाठी, हा प्रश्न धरणगावच्या माणसाला तरी पडू नये. सतराव्या शतकात धरणगाव कापडाच्या व्यापाराचं ठिकाण होतं, इंग्रजांची वखार तिथे होती आणि मराठ्यांच्या फौजांनी ते गाव लुटलंही होतं. १६७९ च्या स्वारीत चोपड्याबरोबर धरणगावचंही नाव येतं. तापीच्या खोऱ्यात काळी सुपीक जमीन, कापूस, सुरत-बुऱ्हाणपूरचा रस्ता, म्हणजे पैसा होता. आडोशाला डोंगर मात्र हाताशी नव्हता. सह्याद्रीत कड्यानं निम्मं काम केलेलंच असतं. इथे सपाट मैदानात सगळं काम माणसालाच करावं लागलं.

त्या कामाची सुरुवात खंदकापासून. "पानी कोठे गयं मामा?" धाकट्यानं विचारलं. खंदकात झुडपं होती, कचरा होता. मामानं उत्तर द्यायच्या आधी त्याला कठड्यापासून मागे ओढलं आणि मग खाली हात दाखवला. काळ्या मातीत पाया धरत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर बांधलेली भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून ती काढून खाली मुरूम लागेपर्यंत जावंच लागतं. खंदक खोदला की संरक्षण मिळतं, मुरूम-माती मिळते आणि तीच आत भरावाला वापरता येते. एका खोदाईत तीन कामं होतात. किल्ल्याला लागून तलाव आहे. पाण्याची सोय कुठून होत असेल ते तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं. खंदकात पाणी असलं की शिडी लावायला पाय टेकत नाही, तटाखाली सुरुंग खणायला गेलं तर तो पाण्यानं भरतो. अहमदनगरच्या, सोलापूरच्या, परांड्याच्या भुईकोटांभोवती खंदक आहेत ते याच हिशेबानं.

उचलता पूल आता नाही. पूर्वी दरवाज्यापुढे तो होता आणि दोन्ही बाजूंना मोठे बुरूज त्याची राखण करत, एवढं नोंदींत सापडतं. मोठ्या नातीला नेमकं तेच पाहायचं होतं आणि पूल नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मामानं तिला दरवाज्याजवळ उभं केलं आणि विचारलं, की तू शत्रू असतीस तर कुठून आली असतीस? ती समोरून चालत आली. वळून वर पाहिलं तर डावा बुरूज तिच्या एका खांद्यावर, उजवा दुसऱ्या खांद्यावर. दोन्हीकडून मारा, आणि पूल उचलला तर पुढे वाट बंद, मागे आपल्याच माणसांची रेटारेटी. पूल नसतानाही त्याचं काम तिला तिथेच समजलं. चित्रातल्या पुलावरून राजपुत्र घोडा दौडवत येतो. इथला पूल घोडा दौडवता येऊ नये यासाठी होता.

दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. अशा ठिकाणी भिंतीत चौकोनी भोक असतं आणि बरेच जण ते न बघताच पुढे जातात. ती अडण्याची खोबण. दरवाजा लावल्यावर मागून आडवं घालायचं भलं मोठं लाकूड एका बाजूच्या भिंतीत पूर्ण आत सरकवून ठेवायचं; संध्याकाळी ओढून समोरच्या खोबणीत बसवायचं. म्हणून एक भोक लाकडाच्या लांबीइतकं खोल आणि दुसरं वीतभर. धाकट्यानं खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटं कशालाच लागली नाहीत. आजी लगेच ओरडली, "हात काढ रे बाहेर, आठे ये!" विंचू-किरडाची भीती तिला होती, आणि ती खोटीही नव्हती.

मोठ्या दरवाज्याच्या फळीतच एक छोटा दरवाजा ठेवायची पद्धत असे. दिंडी. एका वेळी एकच माणूस, तोही मान वाकवून. घोडा नाही, हत्ती नाही, हातातलं हत्यार उगारायला जागा नाही. दिंडी काय करू शकते याचा खानदेशातला दाखला थाळनेरच्या किल्ल्याचा आहे, आणि मामाला तो ठाऊक नसला तरी वडिलांनी तो शाळेतल्या सरांकडून ऐकला होता. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानं होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याच्या वाटेनं तापीवर उतरली, ती २७ फेब्रुवारीला थाळनेरपुढे आली. तोफा लागल्या, बाहेरचे दरवाजे हाती आले. सर्वांत आतल्या दरवाज्याची दिंडी उघडी होती. शरणागतीचं बोलणं चाललंय अशा समजुतीत काही गोरे अधिकारी तिच्यातून वाकून आत गेले, आणि आतल्या अरुंद जागेत त्यांच्यावर हत्यारं चालली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडले. बाहेर हजारोंची फौज होती, तोफा होत्या. दिंडीतून मात्र एका वेळी एकालाच मदतीला जाता येत होतं. त्यानंतर जे झालं ते भयानक होतं. आतली शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिलं गेलं. त्या फाशीवरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही वाद झाला. मुलं ही हकिगत ऐकताना गप्प झाली होती. नातीनं शेवटी विचारलं, की बोलणी चालली होती तर हत्यारं का चालली? भाषा कळली नसेल, वडील म्हणाले. दोन बाजूंचा एकमेकांवर भरवसाही नसेल.

तटावर चढल्यावर मुलांना सगळ्यात जास्त आवडल्या त्या जंग्या. भिंतीतल्या या फटी सगळ्या सारख्या दिसतात, पण डोळा लावून पाहिलं तर तशा नसतात. बांधणाऱ्यानं त्यांचा उतार बदललेला असतो. एकीतून लांबचा रस्ता दिसतो, दुसरीतून खंदकापलीकडचा काठ, तिसरीतून तटापुढची जवळची जमीन. बंदूकवाल्यानं नळी फक्त आत सरकवायची, नेम बांधकामानंच धरून दिलेला. बुरूज तटाच्या पुढे का काढतात, याचंही उत्तर जंगीतूनच मिळतं. बुरूज तटाच्या बाहेर आलेला असल्यामुळे त्याच्या कुशीतल्या जंगीतून शेजारच्या भिंतीचा पायथा सबंध दिसतो. भिंतीला चिकटून उभा राहिलेला माणूस भिंतीवरच्या पहारेकऱ्याला दिसत नाही, पण बुरुजावरच्याला दिसतो. नात आणि धाकटा यांनी याची परीक्षा लगेच घेतली. एक खाली भिंतीला पाठ लावून उभा, दुसरी बुरुजावर. "दिसला!" असा आवाज वरून आला तेव्हा खाली पेरू विकणाऱ्या बाईनंही मान वर केली.

जिथे तट ढासळला आहे तिथे मामा सर्वांत जास्त वेळ थांबला. पडलेल्या जागी भिंतीचं पोट उघडं पडतं. बाहेरून आणि आतून दोन घडीव दगडांच्या भिंती, मध्ये दगडगोटे आणि चुन्याचा भरणा. अधूनमधून एखादा लांब दगड दर्शनी भिंतीतून भरण्यात खोल शिरलेला असतो. "हा हेडर," मामा म्हणाला. "हा नसता तर दोन्ही भिंती कधीच सुटून बाहेर आल्या असत्या." मग त्यानं खालच्या रद्द्यावरून वरच्यापर्यंत बोट फिरवून दाखवलं. एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ दिलेला नाही. सांधमोड तीनशे वर्षांपूर्वीही अशीच घेत होते जशी तो आज विटांच्या कामात घेतो. ओळंबा तोच, सूत तेच. फरक आहे चुन्याचा.

चुन्याचं काम सावकाशीचं. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, तो मुरू द्यायचा. मग घाणी. जमिनीत गोल दगडी चर, त्यात बैलानं ओढायचं जाडजूड दगडी चाक. चुना, वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, तासन्‌तास दळली जाई. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर अशा गोष्टी पाण्यातून घालत. सिमेंट काही तासांत धरतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत वर्षानुवर्षं कठीण होत जातो. पुन्हा तो श्वास घेतो. भिंतीत शिरलेला ओलावा चुन्याच्या दरजांतून बाहेर पडतो. जुन्या दगडकामावर सिमेंटचा गिलावा मारला की ती वाट बंद होते, ओल आतच राहते, क्षार दगडाचा पृष्ठभाग फोडतात. मामानं आयुष्यभर सिमेंटच हाताळलं आहे, तरी त्या उघड्या भरण्यातला चुना नखानं खरवडून पाहून तो म्हणाला, की हे काम आज कुणी सांगितलं तर मला पहिल्यापासून शिकावं लागेल. महाराष्ट्रात किल्ल्यांच्या दुरुस्तीत चुन्याची घाणी पुन्हा फिरू लागली आहे. खानदेशातल्या मिस्त्र्यांच्या हाताला ते काम मिळालं पाहिजे. हात इथे आहेत.

दुपारी सावली धरून डबे उघडले. कळण्याची भाकरी, तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, ठेचा. आजीनं भाकरी मोडता मोडता वरच्या पिंपळाकडे पाहिलं. तो तटातूनच उगवला होता, आणि त्याची मुळं दोन दगडांच्या सांध्यात बोटभर फट पाडून बसली होती. मामाचं मत पडलं, की वरून तोडला तर चार महिन्यांत दुप्पट फुटेल, आणि मूळ ओढून काढलं तर दगडच हातात येईल. झाड मुळासकट मारून, मग सांधा चुन्यानं भरून घ्यायचा, हाच मार्ग. आणि तो रोप वीतभर असतानाच सोपा. दर पावसाळ्यानंतर एक माणूस तटावरून फेरी मारेल आणि कोवळी रोपं उपटेल, एवढी व्यवस्था असली तरी किल्ल्याचं आयुष्य वाढतं. त्याला मोठा निधी लागत नाही.

खरं तर या किल्ल्याची मोठी मोडतोड पिंपळानं केली नाही, सरकारनं केली. १८५७ च्या उठावात जहागीरदारांचं घराणं इंग्रजांविरुद्ध गेलं असा ठपका आला, जहागीर जप्त झाली आणि किल्ला निकामी करण्यात आला. निकामी करणं हेही एक कामच असतं. तट पूर्ण पाडायची गरज नसते. दरवाजा, पूल, बुरुजांचे माथे गेले की बाकीचा किल्ला नुसता दगड उरतो. वडिलांनी हे सांगितल्यावर धाकट्यानं विचारलं, की मग आपण दरवाजा परत लावू शकतो ना? मामानं चौकटीकडे नीट पाहिलं, उंची नजरेनं मापली आणि सागाचा भाव काय आहे याचा हिशेब सुरू केला.

आत महादेवाचं मंदिर आहे, आणखी आत बालेकिल्ला. इथून लांब निघणारं भुयार आहे, असं गावात सांगतात. मुलांनी ते शोधायचा चंग बांधला, पण आजीनं आधी देवाला जाऊन यायला लावलं. परतीच्या वाटेवर एरंडोलचा पांडववाडा बाहेरून दाखवायचं ठरलं होतं. पण उन्हं कलली, बालेकिल्ल्याच्या एका बुरुजाच्या जंग्या तपासायच्या राहिल्या होत्या आणि नातीला वहीत त्यांचे उतार काढून घ्यायचे होते. पांडववाडा पुढच्या खेपेवर गेला. मामा आणि ती तटावर राहिले, बाकीचे चहाला बाजारात उतरले.