नाचबंदी ते नृत्याची पदवी

18 एप्रिल 1996 रोजी टेक्सस राज्यातल्या वेको शहरात बेलर विद्यापीठाच्या अध्यक्षांनी आपल्या पत्नीसोबत सगळ्यांसमोर नाच केला आणि त्याची देशभर बातमी झाली. अध्यक्ष रॉबर्ट स्लोन स्वतः बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. विद्यापीठ 1845 सालचं, तेही बॅप्टिस्ट पंथाचं. आवारात विद्यार्थ्यांना नाचायची मुभा मिळायला 151 वर्षं लागली होती. सात वर्षांनी, नोव्हेंबर 2003 मध्ये, इलिनॉय राज्यातल्या व्हीटन कॉलेजात हेच घडलं. 1860 साली स्थापन झालेल्या या कॉलेजानं 143 वर्षांत पहिल्यांदाच विद्यार्थ्यांसाठी नाचाची संध्याकाळ ठेवली. धर्मप्रचारक बिली ग्रॅहम इथलाच विद्यार्थी, आणि भयपटांचा दिग्दर्शक वेस क्रेव्हनही इथलाच.

आपल्याला यात गंमत वाटेल. पण याच प्रॉटेस्टंट जगातल्या काही कॉलेजांत आज बॅले आणि आधुनिक नृत्याची चार वर्षांची पदवी मिळते, नाट्यदिग्दर्शन आणि प्रकाशयोजना शिकवली जाते. ज्यांनी नाटक-नाच हे पाप मानलं, त्यांच्याच नातवंडांनी त्याचे विभाग उघडले. हे मन बदलल्यामुळे झालं, असं सोपं उत्तर मिळतं. मला ते अपुरं वाटतं. बंदी घालणारे आणि विभाग उघडणारे एकाच समजुतीवर उभे होते: जे आपण देहानं करतो, ते आपल्याला घडवतं. ही समजूत कायम राहिली, फक्त तिच्यातून काढलेला निष्कर्ष उलटा झाला.

दोन नाच, एक पोथी

बायबलमध्ये दोन नाच प्रसिद्ध आहेत. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा देवापुढे बेभान होऊन नाचला, आणि खिडकीतून पाहणाऱ्या राणी मीखलला त्याची किळस आली. दुसरा नाच हेरोद राजाच्या वाढदिवसाचा. हेरोदियेच्या मुलीच्या नृत्यावर राजा खूश झाला, आणि बक्षीस म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मस्तक तबकात आलं. पुढची अनेक शतकं धर्मपंडित या दोन नाचांतला एक किंवा दुसरा पुढे करून भांडत राहिले.

इसवी सन 200 च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं रोमन खेळ-तमाशांविरुद्ध आख्खा ग्रंथ लिहिला. इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी ती परंपरा उचलली. विल्यम प्रिननं 1633 मध्ये नाटकांविरुद्ध हजार पानांहून मोठं पुस्तक काढलं. त्यात राणीचा अपमान दिसला म्हणून त्याचे कान कापण्याची शिक्षा झाली. 1642 मध्ये संसदेनं लंडनची नाट्यगृहंच बंद केली. अमेरिकेत गेलेल्या प्युरिटनांनी हा वारसा सोबत नेला. बॉस्टनच्या इन्क्रीज मॅदरनं 1680 च्या दशकात स्त्री-पुरुषांच्या एकत्र नाचाविरुद्ध पुस्तिका लिहिली.

मिशिगनमध्ये वसलेल्या डच सुधारित पंथीयांचं वळणही तेच. त्यांच्यातल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चनं 1928 च्या महासभेत तीन ‘ऐहिक करमणुकां’वर बोट ठेवलं: नाटक-सिनेमाला जाणं, नाचणं आणि पत्ते खेळणं. याच चर्चच्या कॅल्व्हिन कॉलेजात शिकलेला पॉल श्रेडर वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत सिनेमागृहात गेला नव्हता. पुढे त्यानं ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची पटकथा लिहिली.

या साऱ्यांचं वैर समजून घ्यायला हवं. नाटक फालतू आहे म्हणून त्यांनी ते टाळलं नाही. ते फार परिणामकारक आहे म्हणून टाळलं. रोज संध्याकाळी खुनी म्हणून उभा राहणारा माणूस आतून पहिल्यासारखाच राहील का, ही त्यांची शंका होती. अभिनयाच्या ताकदीवर इतका विश्वास कित्येक नटांचाही नसतो.

वक्तृत्वाचं दार आणि व्यायामशाळेचं दार

मग नाटक या कॉलेजांत शिरलं कसं? समोरच्या दारानं नाही. प्रॉटेस्टंट पंथ हा शब्दाचा पंथ. प्रवचन नीट करता यावं म्हणून कॉलेजांत वक्तृत्व शिकवत. वक्तृत्वातून वाचिक अभिनय, त्यातून शेक्सपिअरचे प्रवेश, मग पूर्ण नाटक, अशा पायऱ्या चढत गेल्या. कित्येक कॉलेजांत नाट्यविभाग बराच काळ वक्तृत्वविभागाच्याच छपराखाली होता. नाट्यकलेची स्वतंत्र पदवी अमेरिकेत 1914 मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेत सुरू झाली, पण धार्मिक कॉलेजांना हा वळणाचा रस्ताच मानवला.

नृत्याला शब्दाचा आडोसा नव्हता. ते आलं व्यायामशाळेतून. विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच'डब्लर ही मुलींना शारीरिक शिक्षण देणारी बाई. तिनं सांध्यांची रचना, श्वास आणि तोल यांवर नृत्य उभं केलं, आणि 1926 मध्ये तिथे देशातला पहिला नृत्यपदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. आरोग्य म्हणून जे चालतं ते करमणूक म्हणून चालत नाही, हा ढोंगीपणा म्हणा की चातुर्य, त्यातून पुढे अनेक ठिकाणी वाट मोकळी झाली. म्हणूनच कॉलेजात नाट्यविभाग नावारूपाला आलेला आणि विद्यार्थ्यांना नाचायला मात्र बंदी, असं चित्र बेलरमध्ये कित्येक वर्षं होतं.

बेलर, डिसेंबर 1962

त्या नाट्यविभागाचे प्रमुख होते पॉल बेकर. त्यांच्या नाट्यगृहात प्रेक्षक फिरत्या खुर्च्यांवर बसत आणि नाटक त्यांच्या तिन्ही-चारी बाजूंना घडे. त्यांनी हॅम्लेट केलं तेव्हा नायकाच्या मनाचे पैलू वेगवेगळ्या नटांना वाटून दिले. त्यात हॉलिवुडचा बर्जेस मेरेडिथही होता. वेकोसारख्या गावात हे चालत होतं आणि विद्यापीठाला त्याचा अभिमानही होता.

डिसेंबर 1962 मध्ये बेकर यांनी यूजीन ओ'नील यांचं ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ लावलं. आई मॉर्फिनच्या आहारी गेलेली, बाप आणि मुलं दारूच्या. ओ'नील यांनी स्वतःच्या घराचीच चिरफाड केलेली. संवादांत शिव्या आणि देवाच्या नावाची हेळसांड. तक्रारी आल्या. अध्यक्ष ॲबनर मकॉल यांनी ती भाषा गाळायला सांगितलं. पण प्रयोगाच्या हक्कांच्या करारानुसार संहितेतला शब्दही बदलता येत नव्हता. तेव्हा मकॉल यांनी प्रयोगच बंद केला.

1963 मध्ये बेकर यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यासोबत विभागातले सगळे अध्यापक बाहेर पडले. एका नाटकावरून आख्खा विभाग उठला. ही मंडळी गेली कुठे, तर सॅन अँटोनियोच्या ट्रिनिटी विद्यापीठात, म्हणजे प्रेस्बिटेरियन परंपरेच्याच संस्थेत. त्याच राज्यात, त्याच धर्मात एका संस्थेनं जे नाटक सोसलं नाही, ते करणाऱ्यांना दुसरीनं घर दिलं. ‘ख्रिस्ती कॉलेज म्हणजे असं’ असं एका वाक्यात सांगणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी.

चार वर्षांत शिकतात काय

अमेरिकन लिबरल आर्ट्स कॉलेज हे साधारण हजार ते तीन-चार हजार विद्यार्थ्यांचं, आवारातच राहण्याचं ठिकाण. पदवीला एकशे वीस-पंचवीस क्रेडिट लागतात. मुख्य विषयाला त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त. उरलेल्यात विज्ञान, इतिहास, गणित, परकी भाषा. ख्रिस्ती कॉलेजांत भर पडते ती बायबल आणि धर्मतत्त्वाच्या तासांची, आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या सामूहिक प्रार्थनेची. म्हणजे सकाळी पेशींची रचना, दुपारी पौलाची पत्रं आणि रात्री इब्सेनची तालीम, असा एकाच मुलीचा दिवस जाऊ शकतो.

नाट्यशाखेत अभिनय, आवाज, देहबोली, संहितेचं विश्लेषण, नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, दिग्दर्शन, नाट्येतिहास हे विषय ठरलेले. मोठी भूमिका मिळो न मिळो, पडद्यामागची कामं सगळ्यांना सक्तीची. प्रयोगाआधीच्या तांत्रिक तालमीत नट तासन्‌तास एकाच जागी उभा राहतो. रंगमंच व्यवस्थापक वहीतला क्रमांक पुकारतो, दिवा पेटतो, ध्वनी येतो, चुकलं की पुन्हा मागून. कालचा नायक त्या दिवशी दिव्यांच्या फळ्यावर असतो. नृत्यशाखेत बॅले आणि आधुनिक नृत्याचे रोजचे तंत्रवर्ग, उत्स्फूर्त रचना, नृत्यदिग्दर्शन, शरीररचना, नृत्येतिहास, अध्यापन, आणि शेवटच्या वर्षी स्वतःची रचना सादर करणं.

मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराचं बेलहेवन विद्यापीठ 1883 सालचं, प्रेस्बिटेरियन. संगीत, नाट्य, दृश्यकला आणि नृत्य या चारही कलांत राष्ट्रीय मान्यता असलेल्या मोजक्या संस्थांत ते येतं. असं कॉलेज इथेच का, याला शहराचाही इतिहास आहे. 1979 पासून जॅक्सनमध्ये आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धा भरते. 1982 च्या स्पर्धेत स्थानिक नर्तकी कॅथी थिबोडो हिनं ख्रिस्ती गीतावर नृत्य करून रौप्यपदक मिळवलं आणि 1986 मध्ये ‘बॅले मॅग्निफिकॅट’ ही ख्रिस्ती नृत्यसंस्था सुरू केली. मिशिगनच्या हॉलंड गावातल्या होप कॉलेजकडेही चारही कलांची मान्यता आहे, आणि 1972 पासून तिथे उन्हाळी व्यावसायिक नाट्यमहोत्सव चालत आला. कॅल्व्हिनच्या चर्चनं 1982 च्या महासभेत नृत्याविषयीचा अहवाल घेतला आणि 1928 चा सूर सोडला. नाच आपोआप पाप ठरत नाही, तो कसा करता ते पाहा, अशी नवी मांडणी झाली. आज कॅल्व्हिनमध्ये विद्यार्थ्यांचं नृत्यमंडळ ही मोठ्या संघटनांपैकी एक आहे.

या कॉलेजांची खरी परीक्षा वर्षाची नाटकं निवडताना होते. शिवी चालेल का, आत्महत्या दाखवावी का, चुंबन कसं बसवायचं? चांगल्या विभागात याची उत्तरं आधी वर्गात शोधली जातात. दिग्दर्शक पत्रिकेत निवडीमागचं कारण लिहितो, प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा होते, आणि नटाला भूमिका नाकारायची मुभा असते. वाईट विभागात ही सगळी चर्चा टाळून सालाबादप्रमाणे संगीतिका लावली जाते. बोचणारी बाजूही आहे. अशा अनेक संस्थांच्या आचारसंहितेत विवाह फक्त स्त्री-पुरुषांचा मानला जातो. समलिंगी विद्यार्थी कलाविभागांतही असतातच. आपल्या सत्याशी प्रामाणिक राहा असं अभिनयाच्या तासाला शिकायचं आणि वसतिगृहात ते सत्य लपवायचं, ही विसंगती या कॉलेजांना अजून सुटलेली नाही.

जेझुइटांची वाट, मुंबईपर्यंत

कॅथॉलिक शिक्षणात हा तिढा इतका नव्हता. जेझुइट पंथाच्या 1599 च्या शिक्षणसंहितेत नाटकाला जागा होती, फक्त ते लॅटिनमध्ये असावं, क्वचित व्हावं आणि त्यात स्त्रीवेष नसावा, अशा अटींवर. पुढे अटी मागे पडल्या. पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ विद्यालयात तर बॅले होऊ लागले, आणि मेनेस्त्रिए या जेझुइटानं 1682 मध्ये बॅलेचा सिद्धान्त सांगणारं पुस्तक लिहिलं.

मुंबईचं सेंट झेवियर्स (1869) याच पंथाचं. इब्राहिम अल्काझी पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्समधून इथे आले, सत्यदेव दुबे इथेच शिकले. दोघांनाही नाटकाची पदवी इथे मिळालेली नाही. नाटक वर्गाबाहेरच होतं. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात जर्मन धर्मगुरू जॉर्ज प्रोक्श यांनी बायबलच्या कथा भारतीय संगीत-नृत्यात बसवल्या, आणि फ्रान्सिस बार्बोझा या धर्मगुरूनं भरतनाट्यम् शिकून ख्रिस्ती विषयांसाठी हस्तमुद्रा घडवल्या. प्रॉटेस्टंटांपैकी अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये कृष्णराव सांगळे आणि पुढे नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट धरली. न्यू इंग्लंडच्या पंथातून आलेल्या मिशनऱ्यांच्या मंडळीत एक माणूस उभा राहून गातो, हातवारे करतो, चार पात्रं बोलून दाखवतो. तो अभिनयच होता. शब्दाच्या आडोशानं तो इथेही शिरला.

आपल्याकडे काय

महाराष्ट्रातलं कॉलेजचं नाटक म्हणजे एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक, तोही 1963 पासूनचा आणि जिवाचं रान करायला लावणारा. पण तालीम लेक्चर संपल्यावर. नाटक अभ्यासक्रमात आलं ते मोजक्या ठिकाणी: पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी. बी.एस्सी. करता करता दिग्दर्शनाचे तास पदवीत मोजले जावेत, ही सोय बहुतेक मुलांना नाही. नव्या शैक्षणिक धोरणानं विषय मिसळायचं दार उघडलंय. त्यातून नाटक किती आत येईल, हे कॉलेजांच्या मनावर आहे.

ते येईल तेव्हा बेलरचा प्रश्नही सोबत येईल. फेब्रुवारी 2024 मध्ये ललित कला केंद्रातला विद्यार्थ्यांचा प्रयोग मध्येच बंद पाडण्यात आला. रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर ते नाटक बेतलेलं होतं. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांना अटक झाली. बेलरमध्ये निदान अध्यक्षांनी स्वतः निर्णय घेतला आणि अध्यापकांनी स्वतः राजीनामे दिले. दोन्ही बाजू आपापल्या नावानिशी उभ्या राहिल्या.

शिकणाऱ्या मुलाचं नाटक कच्चं असणार, कधी चुकीचंही असणार. त्याच्याशी वाद घालायची जागा वर्गात हवी, आणि त्या वर्गाच्या पाठीशी संस्था हवी. धार्मिक कॉलेजांना ही गोष्ट उशिरा आणि भांडून कळली. कळण्याचं कारण त्यांची जुनी भीतीच होती. नाटक माणसाला बदलतं असं मानल्यावर ते शिकवताना बेफिकीर राहता येत नाही. आपल्याकडे अभ्यासमंडळांनी नाटकाचे तास आखताना पहिल्या वर्षाच्या पहिल्या पाठात एवढंच ठेवावं: ही भूमिका मी का करतोय, आणि विचारणाऱ्याला मी काय उत्तर देईन? ते उत्तर मुलांना देता आलं, की प्रयोग वाचवणं हे आपलं काम आहे हे प्राचार्यांनाही नाकारता येणार नाही.