न्यूटचे घर आणि वैशाखातील ऊन

नागपूरच्या दक्षिणेला बेसा आहे. तिथल्या एका शाळकरी मुलाने मला मध्यंतरी विचारले, "काका, न्यूट पाळायचा म्हणतो, पेटी कशी करावी?" पुस्तकातल्या चित्रात त्याने अर्धी जमीन, अर्धे पाणी, वर हिरवे नेचे आणि पाण्यात नारिंगी पोटाचा एक प्राणी पाहिला होता. त्याला जे उत्तर दिले, तेच आज श्रोत्यांपुढे मांडतो.

न्यूट हा पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोत्रातला उभयचर प्राणी. त्याला खवले नसतात. कातडी ओलसर असते आणि तिच्यातून तो बराचसा श्वास घेतो. पाय तुटला तर तो नवा उगवतो, हे स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने १७६८ साली प्रसिद्ध केले. जपानी न्यूटच्या डोळ्यातील भिंग सोळा वर्षांत अठरा वेळा काढले, तरी प्रत्येक वेळी ते पुन्हा तयार झाले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. अशा प्राण्याची मोहिनी पडली तर नवल नाही.

पेटी अवघड नाही. तीन फूट लांबीची काचपेटी घ्यावी. एक तृतीयांश जमीन, बाकी पाणी, खोली आठ-दहा इंच. जमिनीचा काठ उतरता हवा, कारण न्यूटला सरळ भिंतीवरून कोरड्यावर येणे कठीण जाते. उलट ओल्या काचेवर मात्र तो चिकटून चढतो, म्हणून वर जाळीचे घट्ट झाकण हवेच. आपली काळी माती पाण्यात घालू नये. ती फुगते आणि पाणी गढूळ करते. धुतलेली नदीची वाळू बरी. जमिनीवर नेचे व मॉस, काठाला नीरब्राह्मी, पाण्यात हायड्रिला लावावे. पाण्यातल्या बारीक पानांत काही जातींची मादी एकेक अंडे पान दुमडून ठेवते. प्राण्याच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पेटी रिकामी ठेवण्याचा धीर फार थोड्यांना असतो.

इथवर सारे बेशात होऊ शकते. अडते ते उष्णतेपाशी. बहुतेक पाळीव न्यूटना १६ ते २० अंश मानवतात. पंचविशीच्या वर त्यांचे हाल सुरू होतात. पाणी तापले की त्यातला प्राणवायूही घटतो: १० अंशांना लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच.

मुलगा हुशार. म्हणाला, "माठातले पाणी गार होते ना? पेटीवर पंखा लावतो." तर्क चुकीचा नव्हता. माठ आणि वाळ्याचा कूलर एकाच न्यायाने चालतात: बाष्प होणारे पाणी उष्णता घेऊन जाते. पण त्यालाही मर्यादा आहे. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर अशा रीतीने पाणी फार तर २३ अंशांपर्यंत उतरेल. तेही कागदावर, प्रत्यक्षात त्याहून वरच राहील. खरी परीक्षा जूनमध्ये. पारा ३६ वर येतो, आपण हुश्श करतो. पण आर्द्रता ६० टक्के झाली की हीच मर्यादा २९ अंशांवर चढते. कूलर का चालेना म्हणून आपण चिडतो त्याच दिवसांत न्यूट मरेल. शीतयंत्र बसवता येते, पण वीज गेली की दुपारच्या काही तासांत वर्षाची मेहनत जाते.

आपल्या देशातला न्यूट दार्जिलिंगकडच्या थंड डोंगरात राहतो. तिथे जोरपोखरीला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित असल्याने त्याला धरणे वा पाळणे गुन्हा आहे. परदेशी न्यूटचीही एक गोष्ट सांगतो. आशियातून गेलेल्या पाळीव न्यूटबरोबर एक बुरशी युरोपात पोहोचली असे मानतात. नेदरलँड्समधले सॅलॅमँडर तिने जवळजवळ नाहीसे केले. २०१३ साली ती बुरशी ओळखली गेली.

तेव्हा मी त्याला पेटी करायला सांगितले, न्यूट आणायला नाही. पाण्यात एक तापमापक टांगून मे-जूनभर रोज दुपारी तीनला आकडा वहीत लिहायचा. हीच पेटी गप्पी माशांना उत्तम चालते. २८-२९ अंश त्यांना सोसतात. फक्त पाणी बदलताना जुने पाणी झाडांच्या आळ्यात ओतावे, आणि छाटलेल्या वनस्पती व नकोसे मासे नाल्यात वा तळ्यात सोडू नयेत. एकेकाळी शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या तळ्यांचे काय केले, ते सर्वांनी पाहिले आहे.

वही त्याने जूनअखेर आणून दाखवली. सर्वांत मोठा आकडा ३४ होता.