आधी पाणी, मग सोडा

मी उलव्याहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. आमच्या एका गटातल्या बायका खोबरेल तेलाचा साबण करतात. त्याला कॉस्टिक सोडा लागतो.

मागच्या पावसाळ्यात एका ताईंनी उरलेला सोडा रिकाम्या डब्यात भरून ओट्याखाली ठेवला. डब्यावर नाव नव्हतं. सासूबाईंनी खायचा सोडा समजून भजीच्या पिठासाठी तो उघडला. आतल्या जाड पापड्या बघून त्यांना शंका आली, त्यांनी सुनेला हाक मारली, म्हणून निभावलं.

सोडे तीन. खायचा, धुण्याचा आणि कॉस्टिक. तिन्ही पांढरे, पण कॉस्टिक सोडा कातडी, डोळे, घसा जाळतो. कागद, कापड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांत तो वापरतात. तेलात मिसळला की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. १ किलो खोबरेल तेलाला साधारण १७५ ग्रॅम सोडा, तोही काट्यावर तोलून. जास्त झाला तर साबणच अंगाला झोंबतो.

सोडा विरघळताना पाणी खूप तापतं. म्हणून आधी भांड्यात थंड पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलट केलंत तर उकळून अंगावर उडेल. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या. जर्मनच्या पातेल्यात तो फसफसतो, पातेलं खातो आणि पेट घेणारा वायू सोडतो. रबरी हातमोजे, चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा.

हा सोडा हवेतला ओलावा ओढतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या पुडीला लगेच पाणी सुटतं. म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि कपाटाला कुलूप लावा. शेजारी अ‍ॅसिडची बाटली नको. थंड पेयाच्या बाटलीत त्याचं पाणी कधीच भरू नका.

अंगावर उडालं तर भिजलेले कपडे काढा, वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तरी तसंच, पापण्या उघड्या धरून. लिंबू, हळद लावू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका, तोंड धुवा आणि १०८ ला फोन करा.

बायांनो, कार्यक्रम संपला की ओट्याखालचे डबे एकदा बघून घ्या. नाव नसलेला एकही डबा तिथे राहू देऊ नका.