घटस्फोटित पालकांची मुले आणि अमेरिकेतील अर्थसाहाय्य

अमेरिकेत मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च पेलणे आई-वडील एकत्र असतानाही सोपे नसते. ते विभक्त झालेले असतील, तर अर्थसाहाय्याच्या अर्जावर पहिलाच पेच उभा राहतो : माहिती आईची द्यायची की वडिलांची? तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न चुकत नाही. उत्तर चुकले, तर विद्यार्थी हक्काच्या मदतीला मुकू शकतो.

केंद्र सरकारच्या मदतीसाठी ‘फॅफ्सा’ हा अर्ज भरावा लागतो. अमेरिकी नागरिक, कायम रहिवासी आणि अन्य काही पात्र गटांनाच ही मदत मिळते. एच-४ व्हिसावरील मुलांना ती मिळत नाही. पूर्वी विद्यार्थी आधीच्या बारा महिन्यांत ज्या पालकाकडे अधिक काळ राहिला, त्याची माहिती ग्राह्य धरली जाई. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने हा निकष बदलला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत ज्या पालकाने अधिक आर्थिक भार उचलला, त्याची माहिती द्यावी लागते. दोघांचा वाटा समान असल्यास ज्याचे उत्पन्न किंवा मालमत्ता अधिक, त्याची. मुलाचा ताबा न्यायालयाने कोणाकडे दिला, यावर हे ठरत नाही.

या बदलाचा परिणाम मोठा आहे. मुलगी आईकडे राहत असली, तरी तिचा बहुतांश खर्च वडील पाठवत असतील, तर वडिलांचे उत्पन्न विचारात घेतले जाते. ते अधिक असल्यास परतफेड करावी न लागणारी ‘पेल ग्रँट’ (२०२४-२५ मध्ये कमाल ७,३९५ डॉलर) घटते किंवा मिळतच नाही. संबंधित पालकाने पुनर्विवाह केला असल्यास सावत्र पालकाचे उत्पन्नही मोजले जाते. घटस्फोटानंतरही दोघे एकाच घरात राहत असतील, तर दोघांचीही माहिती आवश्यक ठरते.

अनेक खासगी विद्यापीठे याखेरीज ‘कॉलेज बोर्ड’चा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा अर्ज मागतात. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या पालकाचीही माहिती द्यावी लागते. शिक्षणाचा खर्च एकाच पालकाने करावा, असे घटस्फोटाच्या करारात नमूद असले, तरी तो करार विद्यापीठावर बंधनकारक नसतो. दुसऱ्या पालकाशी दीर्घकाळ संपर्क नसेल किंवा घरात छळ झाला असेल, तर सूट मागता येते. त्यासाठी न्यायालयाची कागदपत्रे किंवा शाळेच्या समुपदेशकासारख्या त्रयस्थ व्यक्तीचे पत्र उपयोगी पडते. निर्णय प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे घेते. ‘मी खर्च करणार नाही’ हा पालकाचा नकार मात्र सहसा पुरेसा मानला जात नाही.

म्हणूनच मुलासाठी कोणी किती खर्च केला, याची वर्षभर नोंद ठेवणे आणि अडचण असल्यास मुदतीपूर्वीच विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कार्यालयाशी बोलणे हिताचे ठरते. पती-पत्नीचे नाते संपले, तरी मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी दोघांचीच राहते, हेच या नियमांमागील सूत्र आहे.